निर्गुडीचं नाव सांगितलं

बाबूजी, तुमचं औषध मी सांगून टाकलं. नावासकट. निर्गुडी. आपल्या भागात बांधाबांधावर उगवणारं झुडूप, आणि तुम्ही घरामागं पाठ फिरवून ते वाटताय, वास ओळखू येऊ नये म्हणून वर लसूण घालताय, हे मला अजून दिसतं. "नाव सांगशीन त गुण जाईन." हा तुमचा एक नियम. दुसरा, लेप बांधला की डॉक्टरची गोळी शिवायची नाही. गावातल्या कितीक गुडघ्यांची सूज तुमच्या हातानं उतरली, ते मी नाकारत नाही. पण आईची बोटं त्या दुसऱ्या नियमापायी वाकली ती वाकलीच. शेवटी तिला पेला धरवत नव्हता आणि तुम्ही लेप बदलत राहिले.

आता तोच सांधेवात तुमच्या सुनेला. हायवेवरचा हा ढाबा तिच्या हातच्या पोळ्यांवर उभा राहिला, अन् उन्हाळ्यात सकाळी तिची मूठच मिटेना. गल्ल्यावर बसून माझे कान चार टेबलं पलीकडचं ऐकतात. एक मॅडम जेवताना सोबतच्याला सांगून राहिल्या होत्या, की त्यांच्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचा अर्क रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर टाकून बघतात. मी चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. त्यांनी समजावलं, या पेशी म्हणजे पहारेकरी. या दुखण्यात त्या घरच्यांवरच काठी उगारतात, एकमेकींना हाका मारून सूज वाढवतात. मी नाव सांगितलं. त्या हसल्या. निर्गुडी त्यांनी आधीच तपासली होती, आणि काचेच्या ताटलीत त्या हाका कमी झाल्या होत्या. म्हणजे नाव फुटलं होतं, गुण तिथंच होता. "पण काका, ताटली म्हणजे बोट नव्हे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच्या गोळ्या टाळू नका."

मग डॉक्टरला विचारून गोळीही चालू केली, लेपही. बांधताना ही म्हणते, "अवो, मामाजी रागावतीन." म्हटलं, रागावू दे, आईनं ऐकलं तेवढं पुरे झालं. ढाब्यावर कुणी विचारलं तर पाला दाखवतो आणि गोळी सोडू नको हेही बजावतो. तुमचे दोन्ही नियम रोज मोडतो, पुढंही मोडीन.

आज सकाळी तिची मूठ पूर्ण मिटली. पिठाचा हात तसाच माझ्यापुढं धरून दाखवली. गोळीनं का पाल्यानं, मला ठाऊक नाही. तुम्ही वर गेले, तिथं पाठवायला पत्ता नाही, असता तरी हे पाठवलं नसतं. तुम्ही समोर बसून विचारलं असतं, कशानं मिटली रे, तर मी पाल्यानंच म्हटलं असतं.