बांधावरची काटेसावर

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून झाडांवरच पोट भरतो. बांधकाम सुरू होण्याआधी प्लॉटवरच्या झाडांची यादी करून द्यायची, हे माझं काम. झाड परदेशी असलं की तोडायची परवानगी लवकर मिळते, देशी असलं की बिल्डरची अडचण होते. त्यामुळे माझ्या सहीकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

कॉलेजात तुम्ही आम्हाला टेकडीवर नेलंत, त्या दिवशी मी सिल्व्हर ओकला ओक म्हणालो होतो. ओक इथला नाही, आणि हा तर ओकही नाही, एवढंच सांगितलंत. पुढच्या झाडाचं नाव मी लांबूनच ठोकून दिलं, तेव्हा मात्र म्हणालात, "झाडाला कुठे जायचं नाहीये. तुम्हाला कुठली बस गाठायचीय?" ती काटेसावर होती, अस्सल इथली. जुन्या खोडावरचे काटे झिजतात, म्हणून कोवळी फांदी बघायची, आणि तरीही खात्री नसेल तर वहीत 'माहीत नाही' लिहायचं. तसं लिहिणाऱ्याला तुम्ही पूर्ण मार्क द्यायचात.

गेल्या पावसाळ्यात मी हिंजवडीच्या एका प्लॉटवर उभा होतो. बांधावर एक जुनं झाड, पानं हाताच्या पंजासारखी, खोड गुळगुळीत. फूल नाही, फळ नाही. फांद्या उंच होत्या, दुर्बीण गाडीत राहिली होती आणि चिखल तुडवत परत जायचा कंटाळा आला होता. मी 'पांढरी सावर, परदेशी' असं लिहिलं आणि सही केली. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा झाड नुकतंच पाडलं होतं. जमिनीचे आधीचे मालक, एक म्हातारे शेतकरी, ओंडक्यापाशी उभे होते. मला म्हणाले, "काटेसावर हाय ही, साहेब. आमच्या आज्याच्या वेळची." पायाशी लाल फुलांचा खच पडला होता, फांद्यांवरचे काटे आता सहज दिसत होते. मी म्हणालो, "नाही आजोबा, पांढरी सावर आहे. तशी नोंद आहे." त्यांनी एक फूल उचलून बघितलं आणि परत खाली ठेवलं.

गाडीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. वाईटही वाटलं नाही. डबा खाल्ला आणि पुढच्या प्लॉटवर गेलो. नोंद दुरुस्त करता येते, एक अर्ज लागतो. तो मी अजून केलेला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर, तुम्ही हयात असतात तरी मी ते पाठवलं नसतं.