एकाच नावाच्या कुंड्या

चिरंजीव विसरभोळ्यास,
आशीर्वाद आणि एक धपाटा. माझी कवळी भरलीस म्हणालास, डबी उघडली तर रिकामी!

पत्र तुझी धाकटीच लिहितेय, त्यामुळे तिच्याबद्दलच्या तक्रारी तिच्याच हातून.

हिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत, न्हाणीत, माझ्या उशाशीसुद्धा बिगोनिया. एकीचं पान केसाळ, एकीचं गोगलगायीसारखं वळलेलं, एकीचं ठिपक्यांचं. "या सगळ्या एकाच जातकुळीच्या कशा गं?" तर म्हणते, "आजी, पानाची एक बाजू मोठी बघ. सगळ्यांची तशीच." म्हणजे आपल्या घराण्याचं बसकं नाकच की!

आठवडाभर मी सगळ्यांना सारखं तांब्याभर पाणी घातलं. केसाळ कुजली. वर्षभर जपलेली होती. पोर ओरडली नाही, न जेवता झोपली. सकाळी म्हणाली, "प्रत्येकीची तहान वेगळी असते, आजी."

तू मला हिला समजावून परत आणायला पाठवलंस, थोरलीसारखी घरी राहावी म्हणून. कुंड्यांचा मला वैताग आलाय, पण समजावणार नाही. हिचं या बिगोनियांच्या अभ्यासाचं काम संपेपर्यंत ही इथेच राहील, आणि मीही. तुझं पित्त कसं आहे?

गूळ आणि दाण्याचं कूट भरपूर पाठव, ही जेवायला विसरते. अख्खे दाणे नकोत, कवळी तुझ्याकडेच आहे.

तुझी बोळकी आई