संदुकीचं गाणं

प्रिय शिहो,

अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. माझा आनंद पोटात मावत नाहीये! आज गावच्या लोकगीत स्पर्धेत बाबा गायले. नाव भातलावणीच्या गाण्याला दिलेलं. कुरोसावाकाकांनी बासरीवर सूर धरला, तर बाबांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि चक्क संदुकीचं गाणं सुरू केलं. हो, तेच! नवरीची संदूक घराबाहेर निघताना आपल्याकडे बापानं म्हणायचं, आणि तुझ्या लग्नात त्यांनी न म्हटलेलं.

त्या दिवशी जावयापुढे कमरेत वाकून ते म्हणाले होते, "पोर बिनकामाची आहे, त्रास देईल, माफ करा." आणि आत निघून गेले. पुढे तू ओसाकाहून आलीस की तुला बसायला पाहुण्यांची उशी, चहाला पाहुण्यांचाच झाकणाचा कप आणि वर "एवढ्या लांबून येण्याचे कष्ट घेतलेत!" तू माझ्यापाशी रडायचीस, "ताई, बाबांनी मला परकं केलं गं." मलाही तसंच वाटायचं. शिहो, आपण दोघी ठार वेड्या!

तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. मध्ये थांबलं की स्पर्धेतून बाद. बाबा थांबले, डोळे मिटून उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून गायले! जागचं कुणी हललं नाही. खाली उतरून म्हणतात काय, "भलतंच ऐकवलं, माफी असावी." मात्सुनोकाकू नाक पुसत म्हणाल्या, "अहो गेन्जोसान, सहा वर्षं उशीर केलात की!" बाबा कानापर्यंत लाल झाले.

घरी येताना हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं त्यांनी सांगितलं, वीस तारखेला घशाचं ऑपरेशन आहे, नंतर आवाज राहील याची डॉक्टरांना खात्री नाही. मग तुला पत्र लिहायला बसले. मला वाचायला देऊन विचारतात, "फार सलगी तर नाही ना झाली?" त्यात लिहिलंय, थंडी वाढली आहे, ऑपरेशन किरकोळ आहे, कामं टाकून येण्याची तसदी घेऊ नये. तू तेच खरं धरशील, म्हणून हे पत्र धावत टपालात टाकतेय. वीसच्या आत, त्यांचा आवाज आहे तोवर, एकदा येऊन जा. आणि ते गाणं लेक निघतानाच म्हणतात ना, म्हणून परतीच्या दिवशी दारात घाई करू नकोस, त्यांच्या चारही ओळी होऊ देत.

तुझीच, स्टेशनवर उभी असणारी,
तोमिएताई