जोनासले तिनं काय सांगितलं

४ डिसेंबर, देऊळघाट
येऊन पाच दिवस झाले. आई मले चहाचा कपही उचलू देत नाही. जर्मनीत दोन वर्षं भांडी, कपडे, पोळ्या माझ्याकडं. अर्चना दवाखान्यात नर्स, मी घरी. इथं हे कोणाले माहीत नाही. अर्चना डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांले वाढते. तिथं मी 'गजू', इथं 'अहो'. पहिल्या दिवशी बरं वाटलं. आता कोणी परकी बाई हाक मारून राह्यली असं वाटते.

५ डिसें.
दुपारी तिले जोनासचा फोन. तिच्याच वॉर्डात नर्स आहे तो. गच्चीवर वीस मिनिटं. हसत होती. जर्मन इतकं भरभर बोलते की मले अर्धंच समजते. माझ्याशी अशी कधी हसली होती...
दादानं विचारलं, "कोण होतं बे?"
"तिची हेडनर्स बाई."
खोटं काऊन बोललो?

७ डिसें.
अर्चना आंघोळीले गेली अन् मी तिचा मोबाईल उघडला. जोनासचा मेसेज मोबाईलवरच मराठी करून वाचला. त्याच्या भावाच्या बेकरीत माणूस पाहिजे. 'तुझा नवरा घरी बसून बसून खचला म्हणतेस, त्याला पाठव.'
शंका फिटली. जीव मात्र जास्तच जळाला. तिथं मी नळ सोडून रडायचो, हे बी सांगितलं असेल का त्याले?

८ डिसें.
वांग्याच्या वावरात सांगून टाकलं, तुझा मेसेज वाचला. वाटलं, भांडेल. वांगी तोडता तोडताच म्हणे, "मग कोणाले सांगू? तुले विचारलं की तू दार लावून घेतो."
"त्याच्याशी हसते तू."
"हसते. दिवसातून तेवढंच हसते, गजू."
मी म्हटलं, मी इथंच राहतो, दादासंग भाजीपाला पाहतो.
"राह्य. मी जाईन."
टोपलं तिनंच उचललं. मी नुसता मागं मागं.

११ डिसें.
उद्या मलकापूरहून गाडी. तिची बॅग भरून झाली. माझे कपडे पलंगावरच.
सकाळी तिनं बेकरीत फोन लावला अन् माझ्या हातात दिला. "तूच बोल." आई समोर गहू निवडत होती. जोनासच्या भावाचा आवाज हुबेहूब त्याच्यासारखाच. कानापासून दूर धरावा वाटला. नाव सांगितलं. घरी रोज पोळ्या करतो, हे बी सांगितलं. आईसमोर, पण जर्मनमध्ये.
त्यानं विचारलं, कधीपासून येता?
तेवढं मले पूर्ण समजलं.