खोलीतलं बटण आणि तुमची दोरी

तीर्थरूप आत्याबाईंना सुमनचा साष्टांग नमस्कार,

आज शुक्रवार, शेजारचे कापडाचे माग सुट्टीमुळे बंद आहेत, म्हणून शांतपणे लिहायला बसले. उद्या गवंडी भिंतींना गिलावा करणार. एकदा गिलावा झाला की भिंतीत काय राहिलं आणि काय राहून गेलं, ते कायमचं. आणि ह्या भिंतीबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

मागच्या दोन्ही खोल्या पाडून पक्क्या विटांच्या बांधतोय. तुमचीही खोली. रागावू नका, पावसाळ्यात तिथली भिंत हाताला ओली लागायची हे तुम्हीच म्हणायचात!

रफिकभाई वायरमन आठवडाभर मला प्रश्न विचारून भंडावतोय. दिवा कुठे, पंखा कुठे, ते मी पटापट सांगितलं. मग म्हणाला, "भाभी, अब बारीक वायर का बोलो. बेल कुठे, रेडिओची एरियल कुठून, फोन आला तर कुठून?" फोन? आपल्याकडे? पण विचारलंय तर विचार करायला नको का? मी विटेच्या तुकड्याने जमिनीवर घराचा नकाशा काढला आणि त्यात चालून पाहिलं. फोन वाजला तर मी कुठे असेन? चुलीपाशीच की!

ह्या बारीक वायरी भिंतीतल्या दिव्याच्या वायरींच्या नळीतूनच का नाही न्यायच्या, हेही विचारलं. म्हणाला, रेडिओ खरखरेल, आणि दिव्याची वायर कधी सोलवटून बेलच्या वायरीला टेकली तर बटणाला हात लावणारा गेलाच. म्हणून त्यांची नळी वेगळी, चांगली हातभर लांबून. एक नळी तो रिकामीच टाकणार आहे, पुढेमागे टीव्ही वगैरे आला तर. "रिकामी नळी? म्हणजे पोकळी विकत घ्यायची?" मी म्हटलं. हसला. पण मला पटलं. पुढे भिंत फोडण्यापेक्षा आज पोकळी परवडली.

आत्याबाई, हे सगळं ऐकताना मला सारखी तुमची दोरी आठवत होती.

तुमचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि वर ती मागांची खडखड! तुम्ही हाक मारावी आणि ती चौकटीपर्यंतही पोचू नये. तेव्हा पडल्या पडल्या तुम्हीच सगळं आखलंत. मागावरच्या तुटक्या सुताची दोरी वळायला लावलीत, खिळ्यांवरून स्वयंपाकघरात नेलीत, टोकाला खारबावच्या तुमच्या माहेरच्या बैलाची घंटी. कोपऱ्यावर दोरी घासून तुटायची, तर म्हणालात, "तिथं रिकामी कांडी बशीव, फिरंल." आणि खरंच फिरली! सुताची कांडी खिळ्यावर कप्पीसारखी गरगरताना बघून मला इतकी गंमत वाटली होती. तुम्हाला हे सुचलं तरी कसं?

एक तक्रार मात्र आज करतेच. तुम्ही दोरी ओढायचात, मी पीठ भरल्या हाताने धावायचे, "आले हो!" म्हणत. आणि तुम्ही म्हणायचात, "काय न्हाय." पाणी नको, कूस बदलायची नाही, काय न्हाय! मग ओढायचात कशाला? तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही.

तुम्ही गेलात, आता त्या खोलीत मामंजी राहणार. गेल्या महिन्यात ते मोरीत घसरले. किती वेळ हाका मारत होते, देवच जाणे. माग चालू होते, कुणालाच ऐकू गेलं नाही. मी धुणं घेऊन गेले तेव्हा भिंतीला धरून बसले होते आणि म्हणाले, "गार वाटतंय म्हनून बसलो." मी रात्रभर घाबरलेली. म्हणून म्हटलं, पलंगापाशी बटण हवंच. तर मामंजींचं एकच, "मी काय हास्पिटलात हाय? दाराला लाव ना बेल, पावन्यांना!" ह्यांनीही मान डोलावली. उद्या गिलावा, आणि घरात कुणी ऐकेना!

आज सकाळी रफिकभाईने आपल्या मनानेच उशी खिडकीकडे येईल असं धरून भिंतीवर खडूची फुली मारली. मी ओरडले, "अहो, ती उत्तर! उत्तरेला डोकं करून झोपतं का कुणी?" बटण पायाशी गेलं असतं! मामंजी बाहेर विडी ओढत बसले होते, ते हसत आत आले. "आरं, मला जित्तेपनीच मारतोस काय?"

मग त्यांनी काय केलं ठाऊक आहे? खांद्यावरचा पंचा विटांच्या चुऱ्यावर टाकला आणि दक्षिणेला डोकं करून सरळ आडवे झाले. वर छत नाही, तोंडावर ऊन. डावा हात उचलून भिंतीला टेकवला. थोडा खाली घेतला. "हितं. हिचा हात हितं यायचा."

रफिकभाईने जुनी फुली पुसली आणि नवी मारली.

बेल दोन सेलवर चालणार, वीज गेली तरी वाजेल. मी विचारलं, बटणाला दोन वायरी कशाला? तुमची तर एकच दोरी होती. तो म्हणाला, "करंट एका तारेने जातो, दुसरीने परत येतो. परत आला नाही तर बेल बजेगाच नहीं."

मामंजी तिथेच पडून ऐकत होते. मग छताकडे, म्हणजे आभाळाकडे बघत म्हणाले, "आन काय काम नसताना दाबली, तर चालंल का गं?"

मी म्हटलं, "चालेल की."

"ती तशीच वढायची. तुझं 'आले हो' ऐकलं की डोले मिटायची. मी बघायचो ना."

आत्याबाई, असं होतं होय? मग मला सांगितलं का नाहीत? मी कपाळाला आठी घालून यायचे हो कधीकधी!

तुमची घंटी मी चुलीजवळच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला अडकवली आहे. बेल तिच्याच वर बसेल. आज संध्याकाळी दिवा लावताना तिच्यासमोर बोलले तेच इथे लिहिते. बेल वाजली की चुलीवर काहीही असो, मी आधी इथूनच मोठ्याने ओ देईन, मागांच्या आवाजावर जाईल इतक्या मोठ्याने, आणि मग जाईन. मामंजी "काय न्हाय" म्हणाले तर घडीभर बसेन.

तुमची सून,
सुमन