पाठीवरच्या जखमा

कळंबोली, डिसेंबर १९९९

उज्वलाताईंना हौसेराव उस्तादाचा नमस्कार.

आधीची तीन पत्रं न धाडता माझ्या पेटीतच पडून आहेत.

तुमच्या मालकांच्या, विश्वजितच्या जखमा पाठीवर होत्या, म्हणून ते पळाले असं गाव म्हणतं. मातीला आलो तेव्हा मी ऐकलं आणि गप्प बसलो.

विश्वजितला पलटणीत मीच शिकवलं होतं, "हल्लेखोराला जिवंत परत जायचं असतं. त्याची पळायची वाट धरून बस." त्या दिवशीचा हल्लेखोर मरायलाच आला होता. अंगाला बॉम्ब बांधून छावणीच्या पुढच्या फाटकातून शिरला आणि फुटला.

आता तळोज्यात वॉचमनना शिकवतो. काल तेच वाक्य पुन्हा तोंडातून गेलं.

ताई, विश्वजित पळत नव्हता. फाटकाकडे पाठ करून, मी सांगितलेल्या वाटेवर नजर लावून उभा होता.

तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
हौसेराव