पाहिजे: तोंडावर नाही म्हणणारं माणूस

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, म्हणजे गुडघे सोडून. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. आपल्या घरात गुडघे सगळ्यांचे सारखेच, तू कुरकुरत नाहीस एवढाच फरक. आईच्या शिलाई मशीनवरून आपण बोलत नाही हे माझ्या लक्षात आहे. पण लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, तेव्हा हे वाचल्याने तुझा अबोला मोडणार नाही. (कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, राग सूर्य मावळायच्या आत गिळावा. ते आपण दोघींनी एकाच प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून ऐकलं आणि बरोबरच विसरलो.)

मी मृत्युपत्र करते आहे. लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, मला काही झालेलं नाही. झालं आहे ते जावईबापूंना, आणि ते लग्नाच्या आधीपासूनचं आहे. त्यांना कल्पना सुचतात. माणूस वाईट नाही, हीच खरी पंचाईत. वाईट असता तर केव्हाच दार दाखवलं असतं. आधी त्यांना गांडूळखत सुचलं, गांडुळं पळून गेली. (गांडूळ पळू शकतं हे मला तेव्हा कळलं.) मग काचेच्या टाक्यांतले रंगीत मासे सुचले. हल्ली ते ऑफिसांना कुंड्या भाड्याने देतात. झाडं ऑफिसात जातात, तिथली माणसं त्यांत उरलेला चहा ओततात, झाडं मरतात आणि जावईबापू आणखी झाडं आणतात. आमची लेक तर 'कुठे सही करू' एवढंच विचारते, 'कशावर' हे तिने आजवर विचारलेलं नाही. नवरा कागद घेऊन दारात दिसला की हिच्या पेनाचं टोपण आधीच निघालेलं असतं. उद्या माझ्यामागे हे घर तिच्या नावावर झालं, की महिनाभरात ते बँकेकडे गहाण पडेल. मग तिने आणि नातीने राहायचं कुठे, कुंडीत?

म्हणून वकीलबाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस टायरच्या दुकानावर, जिना असा की पक्षकार वर पोचेपर्यंत मृत्युपत्राला तयारच झालेला असतो. बाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "घर लेकीला देऊच नका." मी पर्स उचलली. "बसा हो आजी," त्या म्हणाल्या. (आजी कुणाची, ते मी त्यांना नंतर विचारलं.) त्यांनी समजावलं ते असं: मृत्युपत्रातच ट्रस्ट करायचा. घर एका विश्वस्ताच्या ताब्यात जाईल. लेक जन्मभर त्यात राहील, तिच्यामागे ते नातीला मिळेल आणि मधल्यामधे कुणाला विकता येणार नाही की गहाण टाकता येणार नाही. बँकेतल्या ठेवीही विश्वस्ताने सांभाळायच्या आणि शिक्षण, आजारपण किंवा अडचण यांसाठीच मोडायच्या. मी विचारलं, विश्वस्त कसा हवा? म्हणाल्या, "हिशेबी माणूस मिळतो. प्रामाणिकही मिळतो. तुम्ही तोंडावर नाही म्हणणारा शोधा." मला स्वतःला ही जागा घेता येत नाही, कारण त्या वेळी मी मेलेली असणार. कायद्यात हा मोठाच दोष आहे.

आता, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर असताना माझी एक रीत होती. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला सगळ्यात खवचट गिऱ्हाईक जोडून द्यायचं. रडली तर उद्या येऊ नको. तीच रीत इथे लावली. तिघांना बिस्किटांचा एकेक डबा दिला. डबा नातीचा, पण राखायचा तुम्ही, आणि मृत्युपत्रात आहे तेच कलम: शिक्षण, आजारपण किंवा अडचण असेल तरच उघडायचा. मग नातीला मागायला पाठवलं.

शेजारचे निवृत्त ऑडिटर पहिले. नात तापातून उठून गेली, तर त्यांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. ते नेऊन दिलं, तर त्यावर शिक्का पुसट होता. शेवटी त्यांनी डबा परत केला तो सीलबंद, आणि आत बुरशी. वर मलाच म्हणाले, "एकही कमी नाही, मोजून घ्या." दुसरी माझी वाचनालयातली मैत्रीण. तिने नातीला दारातच पाहिलं, "अगं, तोंड किती सुकलंय" म्हणाली आणि डबा तर दिलाच, वर स्वतःच्या फडताळातलंही काय काय दिलं. नात दोन दिवस जेवली नाही. तिसरा माझा पुतण्या. नात पोचायच्या आधीच डबा रिकामा. "काकू, खराब निघाली असती तर? तिच्यासाठीच चाखून पाहिली," म्हणाला. डब्यात आता त्याचे स्क्रू आहेत.

इकडे विश्वस्त मिळेना, आणि तिकडे हे सगळं जावयाच्या कानावर घालणं भाग होतं. (आपल्यामागे कळलं तर म्हणतील, सासू घाबरली.) मी भाषण तयार केलं. त्यात गांडुळं होती, मासे होते, लेकीच्या सह्या होत्या आणि शेवटी सासू झाली तरी तीही माणूस असते, असा एक समारोप होता. जावईबापू स्वयंपाकघराच्या टेबलाशी एका रबराच्या झाडाची पानं पुसत बसले होते. मी पहिलंच वाक्य बोलले, की घर ट्रस्टमध्ये ठेवते आहे, तर हे म्हणाले, "बरं करताय, आई." आता मी उरलेलं भाषण कुणाला देऊ? वर त्यांनी मसुदा मागून घेतला, वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, "ही 'अडचण' आहे ना, इथून मी आत येईन."

"म्हणजे?"

"अहो, कुंड्या सुकल्या की मला अडचण. मला अडचण की हिला अडचण. ही विश्वस्तापुढे जाऊन रडेल, तो ठेवी मोडेल. वर्षही लागायचं नाही. हे काढा. आणि ऑडिटरकाका नकोत, हिचं ऑपरेशन अडलं तरी ते शिक्काच बघत बसतील."

चोराने दिवसाढवळ्या यावं, कडी कुठे ढिली आहे ते दाखवावं आणि पाणीही न घेता जावं, तसं मला झालं. मी म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? ते पानं पुसतच म्हणाले, "मला एकदा काही सुचलं की दुसरं काही दिसत नाही, आई. एवढं एक घर माझ्या हाताबाहेर असू द्या." मी झाडाला पाणी घातलं. (जास्त झालं. ते झाड आता आजारी आहे.)

तर 'अडचण' गाळली आहे, घर बांधून ठेवलं आहे, मसुदा पक्का आहे. प्रकृतीला जप, जिने चढू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. विश्वस्त म्हणून तुझं नाव घातलं आहे. संमतीचा कागद सोबत आहे, खाली सही कर.

ता. क. दुसरा. तुझं नाव मला सुचलेलं नाही, सुचलं असतं तरी घातलं नसतं. ते जावईबापूंनी सांगितलं. माशांच्या वेळी ते तुझ्याकडे पैसे मागायला आले होते म्हणे. तू पोटभर जेवू घातलंस, बसपर्यंत सोडायला आलीस आणि नाही म्हणालीस. आणि हे तू ना लेकीला सांगितलंस, ना मला. बहिणीपासून अशी गोष्ट लपवलीस याचा मला अतिशय राग आला आहे. तो राग मी वकीलबाईंना बोलून दाखवला, तर त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, "या कुठे राहतात?"

ता. क. तिसरा. यावरही नाही म्हणायचं तुझ्या मनात येईल, मी तुला ओळखते. पण नाही म्हणायची तुझी हौस माझ्यामागे, सही झाल्यावर, लागेल तेवढी फेड. आत्ताच माझ्यावर खर्च करू नकोस.